रेंदोळवरच्या तुरळकर बाई

तुरळकर बाईंनी मला पहिल्यांदा झापलं ते एका ग्रहावरून. आणि तो ग्रह आपल्या सूर्यमालेतला नव्हता.

रत्नागिरीच्या शाळेत गणिताचा मास्तर म्हणून रुजू होऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. जुलै महिना. एसटी स्टँडकडून येताना एका रिक्षानं माझ्या नव्याकोऱ्या पँटवर गुडघ्यापर्यंत नक्षी काढली होती. शिक्षकांच्या खोलीत शिरता शिरता मी म्हणालो, "शी! काय हा घाणेरडा चिखल!"

कोपऱ्यात एक उंच, हाडकुळ्या बाई वह्या तपासत बसल्या होत्या. त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं. सावकाश.

"घाणेरडा कोण? चिखल? चिखल आपल्या जागेवर पडून होता. तुमच्या अंगावर उडवला तो रिक्षावाल्यानं. मग नावं चिखलाला का ठेवता? असलं रेंदोळवर चालत नाही."

मला वाटलं, रेंदोळ म्हणजे लांज्याकडचं एखादं खेडं असेल. नवा माणूस, जरा गोड बोलावं म्हणून मी विचारलं, "तिथं एसटी जाते का हो, बाई?"

सगळी खोली हसली. बाई हसल्या नाहीत. "गणितवाले," त्या म्हणाल्या, "डोकं वापरा." आणि पुन्हा वह्यांत शिरल्या. पुढची चौदा वर्षं त्यांनी मला याच नावानं हाक मारली. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

बाई भूगोल शिकवायच्या. पृथ्वीचा भूगोल त्यांना अभ्यासक्रमात होता म्हणून शिकवावा लागे. त्यांचा जीव होता तो रेंदोळवर. हा ग्रह म्हणजे अथपासून इतिपर्यंत चिखल. कोरडी जमीन वीतभरसुद्धा नाही. डोंगर नाही, दगड नाही, पायरी नाही. आकाशात कायम धुकं, त्यामुळे सूर्य कुणी पाहिलेलाच नाही. कुठं पातळ रेंदा, कुठं दाट, कुठं कढीसारखा, कुठं खरवसासारखा थरथरणारा. बाई दर वर्षी जून उजाडला की रेंदोळचा नकाशा नव्यानं काढत. का? तर चिखल सरकतो. "गेल्या वर्षीचा नकाशा वापरणारा पोटाळा मूर्ख," असं त्या गंभीरपणे सांगत.

पोटाळे म्हणजे तिथले रहिवासी. हातभर लांब, तुळतुळीत, वल्ह्यासारखे दोन रुंद हात आणि पोटावर सरकत जाणारे. पाय नाहीत. पोटाळ्यांना आवाजही नाही, ते बुडबुड्यांनी बोलतात. गप्पा मारायच्या तर वरच्या वर बारीक बुडबुडे. राग आला तर मात्र पोटाळ्यानं तळाशी जायचं आणि तिथून एकच मोठा बुडबुडा सोडायचा. चिखल दाट, त्यामुळे तो वर यायला चार दिवस लागतात. तोवर ज्याच्यावर राग आला त्याच्याच पंगतीला बसून जेवण झालेलं असतं.

मी एकदा म्हणालो, "बाई, पद्धत चांगली आहे. तुम्हीही करून बघा." त्या दिवसापासून पंधरा दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. बाईंचा बुडबुडा कधी तळाला गेलाच नाही. तो तोंडातच फुटायचा.

आणि फुटायला काहीही पुरे. कुणी पत्रिकेत 'संस्थेची गौरवशाली वाटचाल' छापलं की बाई पत्रिका परत करत. "सगळं चालण्यावरच का हो अडलंय तुमचं? दुसरा शब्द नाही सापडत?" दहावीच्या निरोपाला हेडमास्तर म्हणाले, "मुलांनो, आता स्वतःच्या पायावर उभे राहा," तर दुसऱ्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "आणि पाय नसले तर?" मुलं खिदळली. आम्हीही रुमाल तोंडाला लावून हसलो. आल्या बाई रेंदोळवर, म्हणालो.

सहामाहीला त्यांनी प्रश्न घातला होता, 'पाणथळ प्रदेशातील लोकजीवनाचे वर्णन करा.' एका मुलीनं चक्क पोटाळ्यांचं लोकजीवन लिहिलं, बुडबुड्यांच्या आकृतीसकट. बाईंनी पाचपैकी पाच दिले. पालक आले, तक्रार झाली, हेडमास्तरांनी बोलावून घेतलं. बाई पेपर टेबलावर आपटून म्हणाल्या, "उत्तरात चूक दाखवा. प्रदेश कुठल्या ग्रहावरचा, हे प्रश्नात लिहिलेलं नाही."

खरं सांगतो, मला त्यांचा संताप येई. त्या माझ्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. लग्न केलेलं नव्हतं. पाण्याच्या टाकीपासून पार्किंगपर्यंत इमारतीतलं प्रत्येक भांडण त्यांच्यापाशी सुरू होई आणि मिटवायला मला बोलावलं जाई. फक्त शनिवार शांत जायचा. शनिवारी शाळा सुटली की बाई खांद्याला पिशवी लावून देवरुखच्या एसटीत बसत, ते रविवारी संध्याकाळी परत. गावचं घर बघायला जातात, असं आम्ही धरून चाललो होतो. कुणी विचारलं नाही. विचारलं तर अंगावर येतील, ही भीती. आणि खरं तर कुणाला पडलेलं नव्हतं.

बाई निवृत्त झाल्या आणि एका दुपारी मी त्यांच्याकडे रेंदोळच्या सतरा वह्या पाहिल्या. दोनशे पानी, काठोकाठ भरलेल्या. मी सहज एक उघडली आणि अंधार पडेपर्यंत वाचत बसलो. हसलो, एकदा डोळ्यांत पाणीही आलं. आणि मग मी तो शहाणपणा केला ज्याबद्दल आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. म्हणालो, "बाई, याचं पुस्तक काढू या."

"दोन शनिवार जाऊ द्यात. मग सांगते."

मला काही कळलं नाही. दोन शनिवार गेले. सोमवारी सकाळी त्या वह्यांची पिशवी घेऊन माझ्या दारात उभ्या. "पाठवा. पण एक अक्षर बदललं तर याद राखा."

पुण्याच्या एका प्रकाशकाला मी वह्या पाठवल्या. त्याला त्या फार आवडल्या. निदान तो तसं म्हणाला. वर्षभरात पुस्तक झालं. प्रकाशनाचा कार्यक्रम चिपळूणच्या एका वाचनालयात ठरला आणि त्याआधी दीडेक महिना पहिल्या दोन प्रती बाईंच्या घरी आल्या. शनिवारी त्या एक प्रत घेऊन नेहमीसारख्या देवरुखला गेल्या. मुखपृष्ठावरचा कागदही काढलेला नव्हता. आधी बघणार नाही म्हणाल्या, तिथं जाऊन उघडणार.

सोमवारी सकाळी सात वाजता माझं दार वाजलं. वाजलं म्हणजे हादरलं.

"हे काय आहे?" बाईंनी पुस्तक माझ्या छातीवर मारलं.

मुखपृष्ठावर एक डोंगर होता. डोंगरावर आठ-दहा पोटाळे भाले उंचावून उभे होते. उभे. प्रत्येकाला दोन दणदणीत पाय, पोटऱ्यांसकट. आत आणखी कहर. पोटाळ्यांचं कुणाशी तरी युद्ध चाललं होतं आणि शेवटी ते जिंकून 'कोरड्या जमिनीवर पहिलं पाऊल' टाकत होते. बुडबुडे एकाच पानावर होते, तेही साबणाचे असावेत असे.

"बाई, मला खरंच माहीत नव्हतं…"

"तुम्हाला काय माहीत असतं हो? बेरजा! बेरजा माहीत असतात तुम्हाला! डोंगर ठेवला, गणितवाले! रेंदोळवर डोंगर! आणि पाय! पाय कुणाच्या परवानगीनं लावले?"

मी प्रकाशकाला फोन केला. तो मधासारखं गोड बोलला. मुलांना आपलंसं वाटायला हवं ना सर, सरपटणाऱ्या प्राण्याशी मूल कसं जोडलं जाईल, नायक उभा हवा, चित्रात ऊर्जा हवी. माझंही डोकं फिरलं. मी एरवी फोनवर आवाज चढवत नाही, पण त्या दिवशी बायको आतून धावत आली. उपयोग शून्य. पुस्तकं छापून झाली होती.

बाई त्यानंतरच्या दीड महिन्यात अक्षरशः पेटलेल्या होत्या. दूधवाल्यावर, पोस्टमनवर, माझ्यावर. दर शनिवारी देवरुखला जायच्या आणि दर रविवारी आदल्यापेक्षा जास्त संतापून परत यायच्या. मी म्हटलं, कार्यक्रमालाच जाऊ नका. म्हणाल्या, "मी जाणार. आणि तुम्ही माझ्याबरोबर येणार. लावलेली आग तुमची आहे."

चिपळूणच्या वाचनालयात सत्तर-ऐंशी मुलं सतरंजीवर बसली होती. व्यासपीठावर प्रकाशक, वाचनालयाचे अध्यक्ष, मधे बाई. बाजूच्या टेबलावर पुस्तकांचा ढीग. प्रकाशकानं भाषण केलं. कोकणच्या मातीतून आलेली कल्पनाशक्ती वगैरे. मग तो वळून म्हणाला, "आता लेखिकाबाई दोन शब्द बोलतील."

बाई उठल्या, माईककडे न जाता टेबलाकडे गेल्या. पिशवीतून एक जाड काळा मार्कर काढला. वरचं पुस्तक उचललं, उघडलं आणि पहिल्या पोटाळ्याचे पाय फराफरा काळे केले. मग दुसऱ्याचे.

"अहो बाई, हे काय?" प्रकाशक उठला.

"खाली बसा! तुम्ही लावलेत, मी काढतेय. पोटाळ्यांना पाय नसतात. त्यांना ते नकोही असतात. त्यांना कुणी विचारलं होतं का, की बाबांनो, उभं राहायचंय का तुम्हाला? तुम्हाला खाली बघून बोलायची लाज वाटते म्हणून त्यांनी उभं राहायचं?"

पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली. तिच्या हातात आईनं नुकतंच घेऊन दिलेलं पुस्तक होतं. "बाई, माझ्या पण पुस्तकातले काढून द्याल?"

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "ओळीत या," त्या गरजल्या. "ढकलाढकली नाही. सगळ्यांचे काढून मिळतील."

झालं. मुलांची जी रांग लागली ती दारापर्यंत. बाई पाय खोडतायत, खोडता खोडता पोटाळे खरे कसे हलतात ते सांगतायत, डोंगरावर भल्यामोठ्या फुल्या मारतायत. एकानं विचारलं, "मग ते शाळेत कसे जातात?" बाई म्हणाल्या, "शाळा सरकत त्यांच्याकडे येते. जी शाळा येत नाही ती शाळा नव्हे." मुलं टाळ्या पिटत होती. अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिलं. प्रकाशक खुर्चीत बसून कपाळ पुसत होता, आणि मला, खोटं का बोलू, ते बघून बरं वाटलं.

परतीच्या एसटीत मात्र मी चिडलो होतो. सावर्डे आलं आणि मला राहवेना. "बाई, पुरे झालं आता. एका चित्रापायी एवढा तमाशा? शेवटी गोष्टच आहे ती!"

मला वाटलं, आता गाडीतून उतरवतात. पण बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग बारीक आवाजात म्हणाल्या, "गणितवाले, शनिवारी देवरुखला याल? वह्या तुम्ही पाठवल्या होत्यात. तुम्हीच येऊन सांगा तिला."

"कुणाला?"

"त्या वह्या जिच्या आहेत, तिला."

देवरुखहून पुढे दुसरी एसटी, मग अर्धा तास चढण. वाटेत बाईंनी सगळं सांगितलं. थांबत, दम खात आणि चिडत.

त्यांच्यापेक्षा तीन वर्षांनी धाकटी बहीण, सुगंधा. सुगंधा तीन वर्षांची असताना तापात तिचे दोन्ही पाय गेले. शाळा वहाळाच्या पलीकडे. बाई तिला पाठुंगळी घेऊन जायच्या. वर्षभर नेलं. मग मास्तर म्हणाले, ही पोर बसते कशी, उठते कशी, हिच्याकडे बघायला कोण आहे इथं, उद्यापासून आणू नकोस. बाई हे सांगताना वाटेत थांबल्या आणि हातातल्या छत्रीनं एक करवंदीची जाळी झोडपून काढली. पन्नास वर्षांनंतर.

"पण लावणीच्या दिवसांत," त्या म्हणाल्या, "खाचरात चिखल केला की आम्ही सगळी पोरं गुडघ्यापर्यंत रुतायचो. आणि सुगू? ती पोटावर पडायची आणि हातांनी सरसर निघायची. या बांधापासून त्या बांधापर्यंत. कुणाच्या बापाला गाठता यायची नाही. चिखलात तिच्यासारखं वेगवान माणूस नव्हतं पंचक्रोशीत. एकदा पलीकडच्या बांधाला टेकून म्हणाली, आक्के, सगळीकडं असाच चिखल असता तर?"

तिथून रेंदोळ सुरू झालं. बाई शाळेतून येऊन पृथ्वीचा भूगोल सांगायच्या, सुगंधा त्यांना रेंदोळचा. पुढे नोकरी लागल्यावर दर शनिवारी बाई वही घेऊन बसायच्या आणि ती सांगायची. सतरा वह्यांत अक्षर बाईंचं आणि शब्द सुगंधाचे. पुस्तकावर नाव घालायला तीच नको म्हणाली होती, मला कोण ओळखतं म्हणून. फक्त एवढंच म्हणाली होती, माणसं माझी तशीच राहू देत.

"तिला रत्नागिरीला का नाही आणलंत?"

"दुसऱ्या मजल्यावर? गोणीसारखी उचलून?" बाई कडाडल्या. "इथं अंगण तिचं आहे. तळमजल्याची जागाही बघितली होती मी. म्हणाली, तुमच्या फरशीवर माझा हात घसरतो. येत नाही ती." मग जरा थांबून, "त्या दिवशी पुस्तक उघडलं. पहिलं चित्र बघितलं आणि म्हणाली, 'माजी मानसं उबी का केलीस?' तेव्हापासून बोललेली नाही माझ्याशी."

चौदा वर्षं मी या बाईच्या खालच्या मजल्यावर राहत होतो. तिच्यावर हसत होतो. शनिवारी इमारत शांत असते म्हणून खूश होतो. त्या चढणीवर मला स्वतःचा जो राग आला, तसा कुणाचाच आलेला नाही.

घर लहान, स्वच्छ सारवलेलं. शेजारच्या खोलीत बाईंच्या चुलतभावाची बायको, सरलावहिनी, राहायची. पडवीत खांबाला टेकून एक केस पिकलेली बाई सुपारी कातरत बसली होती. खांदे रुंद, दंड एखाद्या खलाशासारखे. आम्हाला बघताच तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. वहिनीनं माझ्यासाठी घरातली एकुलती एक खुर्ची आणून ठेवली. मी बसलो. सुगंधा भिंतीकडे बघूनच म्हणाली, "तुमीच काय वो ते गणितवालं?"

"हो. माझ्यामुळे झालं हे. मी वह्या पाठवल्या. मी त्यांना सांगायला हवं होतं की…"

"तुमास्नी दोन पाय हायत," तिनं मला मधेच तोडलं. "ते घ्येवून कुटं कुटं गेलात?"

मी जरा विचार केला. "शाळेत. बाजारात. एकदा दिल्लीला."

"आनि माजी मानसं अख्खा गिरह फिरली. बिनपायाची. मग लुळं कोन?"

मी नुसतं म्हणालो, "चुकलं माझं."

बाईंनी पिशवीतून पुस्तक काढून तिच्या बाजूला सरकवलं. चिपळूणला जाताना ही प्रत त्यांनी बरोबर नेली होती आणि परत आल्यावर बसून पान न् पान दुरुस्त केलं होतं. पाय काळे, डोंगरावर फुल्या, युद्धाची पानं चिकटवून टाकलेली. सुगंधानं ते ओढून घेतलं. एकेक पान ती चेहऱ्याजवळ नेऊन बघत होती, पेपर तपासावा तशी. सगळ्या शाळेला, सगळ्या इमारतीला कापरं भरवणारी ही बाई परीक्षेला बसल्यासारखी बोटांशी चाळा करत होती.

बत्तिसाव्या की तेहतिसाव्या पानावर सुगंधा थांबली. बोट ठेवलं.

"आक्के," ती कडाडली, "ह्ये दोन ऱ्हायलं बग! त्या कोपऱ्यातला, मागं हुबा हाय तो! डोळं फुटलं काय गो तुजं?"

दोन महिन्यांतला पहिला शब्द आणि तोही शिवी. बाईंचा चेहरा असा काही उजळला की मी खाली बघायला लागलो.

"आणते हं, आणते पेन," त्या म्हणाल्या. पेनाची दुसरी पिशवी उंबऱ्याजवळ, पडवीच्या पार दुसऱ्या टोकाला राहिली होती. आणि बाई उठल्या नाहीत. दोन्ही हात जमिनीला टेकले, अंग उचललं आणि बसल्या बसल्या सरकत निघाल्या. सराईतपणे, झपझप. साडी आवरून घेण्याचीसुद्धा सवय झालेली. पेन घेतलं आणि तशाच सरकत परत आल्या.

मला वाटलं, गुडघा धरला असेल. मी उठायला लागलो. मागून सरलावहिनीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"ऱ्हावद्या," ती हळूच म्हणाली. "ती हितं हुबी नाय ऱ्हात. ल्हानपनापासनं. उंबऱ्यातनं आत आली की खाली. रांदायला सुदीक बसून. सुगूताईला वर बगून बोलायला लागू नये म्हनून."

समोर दोघी म्हाताऱ्या एका पुस्तकावर वाकून भांडत होत्या. ह्यो पन काड. तो पाय नाही, ती सावली आहे. सावली कशाला ठिवतीस, सावली पन काड.

मी खुर्चीवरून उतरलो आणि सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसलो. सुगंधानं पुस्तकातून डोकं वर काढलं. आल्यापासून पहिल्यांदाच तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं.

"हां," ती म्हणाली. "आता दिसता नीट."